आण्णांचं तोंड करताना

नाक सगळ्यात सोपं. लोक उगीच नाकाला घाबरतात. नाकाला हाड असतं. माणूस रागावला तरी ते तिथंच आणि हसला तरी तिथंच. एकदा बसलं की बसलं. कान म्हणजे नुसती कटकट, पण कानाकडं कुणी निरखून बघत नाही, त्यामुळं तिथं थोडी लबाडी खपून जाते. डोळा फसवतो. आपण डोळा करायला जातो आणि मासा करून बसतो. पण या सगळ्यांचा बाप म्हणजे ओठ. ओठानं मला जेवढं रडवलं तेवढं आजवर कुणी रडवलेलं नाही, आणि हे मी माझ्या सासरची माणसं धरून सांगते.

मातीची तोंडं करायला मी शिकले कोल्हापुरात, राजारामपुरीत, नव्वदचं दशक संपता संपता. एका गल्लीत बंगल्याच्या मागं पत्र्याची शेड होती, तिथं आमचे सर पुतळे करायचे. पुढच्या खोल्यांत कुणीतरी गणिताचा क्लास चालवायचं. भिंतीपलीकडं पोरं सूत्रं घोकायची आणि अलीकडं आम्ही चिखलात हात घालून बसायचो. गावोगावच्या चौकांतून छातीपर्यंतचे पुतळे बसवायची तेव्हा टूम होती, त्यामुळं सरांना कामाची ददात नव्हती. माणूस तापट. आवाज असा की पलीकडचा क्लास गप्प व्हायचा. पण शिकवायला बसले की त्यांचा हात इतका हळू चालायचा की बघता बघता झोप यावी.

ते एकेक अवयव सुटा शिकवायचे. डोळा करायचा तर आधी मातीची गोटी करून खोबणीत बसवायची, मग पापणीची पातळ पट्टी तिच्यावर पांघरायची. "पापणी म्हंजे रेघ न्हवं. पांघरूण हाय," सर म्हणायचे. ओठाचंही तसंच. आधी दात करायचे, मग त्यावर ओठ अंथरायचे. मी दात केले, ओठ अंथरले, कडा गुळगुळीत केल्या आणि कौतुकानं मागं सरून उभी राहिले. सरांनी चष्मा वर करून बघितलं.

"हे तोंड चौकातलं हाय," ते म्हणाले. "हाराची वाट बघत बसलंय."

आणि उचलून मातीच्या टाकीत टाकलं. त्यांची रीतच होती ती. काम नासलं की टाकीत. जमलं की ते स्वतः उठून त्याच्यावर ओलं फडकं घालायचे, माती सुकू नये म्हणून. तोंडानं शाबासकी कधी नाही. माझी नाकं फडक्याखाली जायला लागली, कानही गेले. ओठ मात्र टाकीत.

संध्याकाळी एसटीनं कोडोलीला परत जाताना मला अर्धवट गुंगी यायची. खिडकीतनं उसाचे फड मागं पळायचे, उन्हं तिरपी आत यायची, आणि समोरच्या माणसांची तोंडं मऊ व्हायला लागायची. खरंच. एखाद्या म्हाताऱ्याचा गाल हळूच ओला दिसायचा आणि मी मनातल्या मनात त्याच्या गालाच्या हाडाखाली अंगठा दाबायची. कंडक्टरची हनुवटी थोडी काढून घ्यायची, एका झोपलेल्या पोराची पापणी नीट पांघरून द्यायची. गावापर्यंत मी सगळी गाडी नव्यानं घडवून ठेवलेली असायची. एकदा एका बाईनं मला पकडलंच.

"काय गं, मघाधरनं तोंडाकडं बघाय लागलीयास. वळख हाय काय?"

"न्हाय वो मावशी, ओठ बघतो हुतो."

आमच्याकडं पोरीसुद्धा 'येतो, जातो'च म्हणतात, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण ओठाचं ऐकून तिनं जो पदर तोंडावर घेतला तो वारणानगरचा फाटा येईपर्यंत काढला नाही.

आता आण्णांचं सांगते. आण्णा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात फिटर होते, पण पंचक्रोशीतली आमची माणसं त्यांना ओळखायची ती बौद्धाचार्य म्हणून. आमच्यात लग्न लावतात ते बौद्धाचार्य. पांढरा सदरा, पांढरी विजार, दोन्ही हात जोडून आण्णा उभे राहायचे आणि त्रिसरण सांगायचे, 'बुद्धं सरणं गच्छामि' पासनं. ते एकेक ओळ सांगणार, नवरा-नवरी आणि सगळा मांडव ती ओळ मागं म्हणणार. त्यांना माईक लागायचा नाही. लहानपणी मी कितीतरी लग्नांत आईच्या मांडीवर त्या आवाजातच झोपी गेले. झोपेत तो आवाज पाण्याखालनं आल्यासारखा यायचा, आणि मागनं सगळ्या मांडवाचा. लोक पोरीचं लग्न ठरवायचे ते आधी आण्णा कधी मोकळे आहेत ते विचारून.

त्या हिवाळ्यात, कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना, आण्णा एका सकाळी पाळी करून घरी आले, मोरीत चूळ भरली, आणि पाणी डाव्या बाजूनं गळून सदऱ्यावर पडलं. त्यांनी परत भरली. परत गळलं. मग त्यांनी आईकडं वळून बघितलं आणि आई मटकन खाली बसली. तोंडाची डावी बाजू झोपल्यासारखी खाली आली होती.

गाव म्हणालं, आण्णांच्या तोंडावरनं वारं गेलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस सुजलीय, बरीचशी परत येईल, सगळी येईलच असं नाही. रोज आरशापुढं बसून गाल फुगवा, शिट्टी मारा, ओठांची अक्षरं म्हणा. आण्णांनी गोळ्या घेतल्या, डोळ्यात थेंब घातले, डावा डोळा मिटत नव्हता म्हणून झोपताना त्यावर पट्टीसुद्धा लावून घेतली. पण आरशापुढं बसले नाहीत ते नाहीतच. गळ्यातला मफलर नाकापर्यंत ओढून पडवीत बसून राहायचे. प, ब, म ही अक्षरं त्यांच्या तोंडात थांबत नव्हती, वाऱ्यासारखी बाहेर सांडायची. आणि त्रिसरणाचा पहिलाच शब्द 'बु'नं सुरू होतो. एका दुपारी घरात कुणी नाही असं समजून त्यांनी तो म्हणून बघितला. मी आणि माझी थोरली बहीण आतल्या खोलीत होतो. 'बु' आला नाही. 'वु' आला. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि गप्प झाले. आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता तशाच बसून राहिलो.

त्यानंतर लग्नाचं बोलवणं आलं की आण्णा दुसऱ्या गावच्या आचार्यांचं नाव सांगायला लागले.

आणि थोरलीचंच लग्न ठरलेलं. उन्हाळ्यातली तारीख धरलेली. थोरली म्हणजे तिखट. तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आण्णांनी लावलं तर लगीन. न्हायतर मी बसतो हितंच भाकऱ्या थापत."

"चारचौघांत थुंकी उडवत पोरीचं लगीन लावू व्हय?" आण्णा मफलरातनं म्हणाले.

"लावा. छत्री घिऊन बसतो."

आईनं तिला दटावलं. पण आण्णांनी मान फिरवली ती फिरवलीच. मला दोघांचाही राग आला. रागापेक्षा भीती जास्त वाटली. आण्णा आपल्या पोरीच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसलेत आणि कुणी तिसराच माणूस त्यांच्या जागी हात जोडून उभा आहे, हे चित्र मला बसमध्ये दिसायला लागलं. बाकीची तोंडं मग घडवावीशी वाटेनात.

त्याच दिवसांत सर म्हणाले, "आता सुटे अवयव बास. अख्खं तोंड कर. फोटोवरनं न्हाय. जित्तं माणूस पुढ्यात बसव."

दुपारभर हलायचं नाही, बोलायचं नाही, असं कोण बसणार? घरात सगळ्यांना कामं. रिकामे होते ते एकटे आण्णा. मी विचारलं. म्हणाले, "वाकडं तोंड मातीत कशाला? मातीला तरी काय इज्जत हाय का न्हाय." मग थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "पयल्यासारखं करणार असशील तर बसतो."

मी हो म्हटलं. मलाही तेच हवं होतं. मला माझे जुने आण्णा हवे होते.

शाडूचं पोतं एसटीच्या टपावरनं आलं. लाकडाचा दांडा फळीवर ठोकून त्याला तारेचा सांगाडा केला, सुंभ गुंडाळलं आणि मागच्या पडवीत माती चढवायला लागले. त्या दुपारी अजून माझ्या अंगात आहेत. कारखान्याची मळी वाऱ्यावर यायची, तो गोडसर आंबूस वास सगळ्या घरात भरून राहायचा. पत्रा तापून मधेच टक्कन वाजायचा. कोंबड्यासुद्धा पाय पोटात घेऊन बसलेल्या असायच्या. थोरली उंबऱ्यात बसून लग्नाच्या पांढऱ्या साडीला फॉल लावायची. आण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे, आणि पेंगताना त्यांचा उजवा डोळा झोपायचा, डावा मात्र अर्धा उघडा राहून माझ्याकडं बघत राहायचा. मला वाटायचं, आण्णा झोपेतनं माझं काम तपासतायत. माझीही पापणी जड व्हायची. हात मातीत चालत असायचा आणि कुठं मी थांबले आणि कुठं माती सुरू झाली ते कळायचं नाही. अशा झोपेत केलेला गाल जागेपणी बघितला तर कधीकधी चांगला असायचा.

आण्णांची उजवी बाजू बघून मी उजवी बाजू केली. मग कंपासानं मापं घेऊन तीच डावीकडं उतरवली. भुवईची उंची तीच, पापणी तीच, ओठाची कड तीच. पुरं झाल्यावर घरातल्यांना बोलावलं. आई म्हणाली, बरं झालंय. थोरलीनं साडीतनं मान वर केली, बघितलं, आणि विचारलं, "हे कोण पावणं?"

आण्णा खुर्ची ओढून त्याच्यापुढं बसले. मफलर खाली केला. बराच वेळ बघत राहिले.

"व्हय," म्हणाले. "असाच हुतो मी."

उठले आणि पुढच्या पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. मी त्यांच्यापुढं त्यांचं गेलेलं सगळं नीट मांडून ठेवलं होतं, कंपासानं मोजून. दुसऱ्या दिवशी राजारामपुरीला गेले आणि सरांना सगळं सांगितलं, सांगता सांगता रडले. सरांना रडणं आवडत नसे. ते हातातली माती मळत राहिले.

"म्हंजे तू एकच बाजू बघितलीस आनी दोनदा केलीस," ते म्हणाले. "अर्धा माणूस दोनदा केला म्हणून अख्खा हुतोय व्हय? माझं तोंड बघ. ह्यो डोळा आनी ह्यो डोळा सारका हाय?"

मी बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघितलं. सरांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा चांगलाच बारका होता.

"बघून झालं असलं तर जा आता," सर म्हणाले.

घरी आले ती तशीच मागच्या पडवीत गेले आणि तारेच्या हत्यारानं पुतळ्याची डावी बाजू खरवडून काढली. मग आण्णांपुढं जाऊन उभी राहिले. "उद्या बसा. डावी बाजू ऱ्हायलीया."

"डावी बाजू ऱ्हायलीच हाय. तीच तर तक्रार."

"आण्णा, तुमची इज्जत सांभाळत बसलो तर मला ओठ कवाच येणार न्हाय."

ते हसले. हसताना सगळं तोंड उजवीकडं पळालं, डावीकडची बाजू जागेवरच राहिली. मी बघत होते हे त्यांना कळलं, तरी त्यांनी मफलर वर घेतला नाही. दुसऱ्या दुपारी खुर्चीत येऊन बसले.

आता मला वेगळंच काम होतं. गालाचं मांस कुठनं सुटतं, कुठं अडतं, ओठाची कड कोण ओढतं आणि कोण सोडतं, हे कळल्याशिवाय माती लावता येईना. मी म्हणायची, "गाल फुगवा." ते फुगवायचे. "शिट्टी मारा." नुसती हवा यायची. "बु म्हणा." वु. "परत." वु. मी मान वर न करता परत म्हणायची, कारण माझा डोळा मातीवर असायचा. डॉक्टरांनी सांगून जे केलं नाही ते आण्णा माझ्या ओठासाठी रोज दुपारी करत होते, आणि दोघांपैकी कुणीही ते तसं बोलून दाखवत नव्हतं. उंबऱ्यातनं थोरली ऐकत असायची. सुई चालू, मान खाली, पण ऐकत असायची.

एकदा आण्णा एकदम म्हणाले, "अगं, उलटं केलंस की. माझी वाकडी बाजू ही, तू त्या अंगाला केलीस."

मी चमकले. मग लक्षात आलं. आजार झाल्यापासनं त्यांनी स्वतःचं तोंड बघितलं होतं ते दवाखान्याच्या दाराच्या काचेत. काचेत आपली डावी बाजू डाव्या हातालाच दिसते, समोरच्या पुतळ्यात ती उजव्या हाताला आली होती. मी फळी फिरवली, पुतळ्याचं तोंड त्यांच्या तोंडाच्या दिशेला केलं आणि त्यांना त्याच्या शेजारी बसवलं. दोघंही परसाकडं बघत बसले. आण्णांनी डावा हात स्वतःच्या गालावरनं फिरवला आणि मग तोच हात मातीच्या गालावरनं.

"म्हंजे लोकास्नी मी असा दिसतोय व्हय," ते म्हणाले. हात थांबला होता. "मला वाटलं हुतं लई वंगाळ हाय."

मी फळीवर सांडलेली माती गोळा करायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि माती ओली होती.

हळूहळू डावा डोळा मिटायला लागला. गाल थोडा फुगायला लागला. 'बु' मात्र आला नाही. पण मला ओठ आला. डाव्या कडेला ओठ कसा दातांवर नुसता पडून असतो, त्याला कुणी धरलेलं नसतं, आणि म्हणून उजवी बाजू दोघींचं काम करत कशी ताणलेली असते, हे एका दुपारी हाताला कळलं. डोक्याला नाही, हाताला. मी सरांना बोलावलं. ते स्कूटरवरनं कोडोलीला आले, चहा घेतला, पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बादलीतलं फडकं पिळलं आणि त्यावर घातलं.

आण्णा त्या फडक्याकडं बघत होते. लग्न कोण लावणार, हे तरीही ते बोलले नाहीत. विचारायची कुणाची टाप नव्हती. आईनं आपलं दुसऱ्या गावच्या आचार्यांना सांगून ठेवलं.

लग्नादिवशी विहारापुढच्या पटांगणात मांडव होता. आण्णांनी पांढरा सदरा घातला. मफलर खुंटीवर राहिला, तो विसरला की ठेवला ते मला ठाऊक नाही. मंचाच्या कडेला खुर्चीवर बसले. पाहुणे आचार्य साधे गृहस्थ होते. त्यांनी सुरुवातीची वंदना म्हटली, मग त्रिसरणाला थांबले. आण्णांकडं वळले आणि हात पुढं केला.

"आण्णा, या. पोरगी तुमची हाय."

मी बायकांत आईशेजारी होते. आईनं माझं मनगट असं धरलं की हात बधिर झाला. आण्णा बसूनच राहिले. मला वाटलं, संपलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, थोरलीपुढं आले, हात जोडले. बायकांनी पोरांना जवळ ओढलं. सगळ्यांना माहीत होतं.

आण्णांनी तोंड उघडलं आणि पहिला शब्द म्हटला. 'वु.'

आवाज मात्र तोच होता, मागच्या ओळीपर्यंत गेला. कुठंतरी एक पोर फिदकन हसलं आणि कुणीतरी त्याला चापट मारली. ओळ अर्धीच सोडून आण्णा थांबले. आता मागं म्हणायची पाळी होती नवरा-नवरीची. नवऱ्यानं मान खाली घातली. बिचाऱ्याला कळेना, बरोबर म्हणावं तर सासऱ्याची चूक दाखवल्यासारखं होणार.

थोरलीनं म्हटलं. 'वु.'

जसाच्या तसा. तोच सांडलेला आवाज, तीच ओढ. आण्णांनी चटकन तिच्याकडं बघितलं. ती चेष्टेखोर, त्यांना वाटलं असणार की कार्टी इथंही सोडत नाही. पण तिची मान ताठ होती, डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते. वडिलांनी सांगितलं तसंच मागं म्हणायचं, यात तिला काही वेगळं वाटतच नव्हतं. ती पुढच्या शब्दासाठी थांबली होती.

आण्णांनी पुढचा शब्द सांगितला. तिनं म्हटला. या खेपेला नवऱ्यानंही म्हटला, तसाच. मग दुसरी ओळ आली, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी ती तशीच उचलली, मग मागच्यांनी, मग बायकांनी. त्रिसरण तीनदा म्हणतात. पहिली ओळ परत आली तेव्हा माझ्या शेजारी आईचा आवाज आला, 'वु'. आण्णांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी वाहत होतं आणि उजव्यातनंही. ते पुसत नव्हते, सांगत होते.

मी ओठाची डावी कड सैल सोडली आणि सगळ्यांबरोबर म्हटलं.